‘योजनेत बसतं का?’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सरकारी आरोग्य योजना आणि तिचा खर्च या विषयावर आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आहेत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर पोचली, २०१७ मध्ये नाव बदललं आणि एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडून चालते. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला दीडऐवजी पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. निवडक पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं दिली आहेत.

वडिलांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. आदल्या संध्याकाळी रुग्णालयात सांगितलं, ‘योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा असेल तर साठ हजार वर भरा.’ आम्ही भरले. पावती दिली नाही. हे नियमात बसतं का? पैसे परत मिळतील का? (सातारा जिल्हा)

अजिबात बसत नाही. अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या एकरकमी दरात, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) धरलेलाच असतो. खाटेचं भाडं, डॉक्टरांची फी, अतिदक्षता विभाग, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी जायचं एकवेळचं भाडं आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधंही त्यातच येतात. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून एक रुपयाही घेता येत नाही.

आता ‘साधा’ आणि ‘चांगला’ याविषयी. स्टेंट मुख्यतः दोन प्रकारचे : नुसत्या धातूचा आणि औषधाचा लेप असलेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने दोन्हींच्या कमाल किमती बांधून दिल्या, अनुक्रमे ७,२६० आणि २९,६०० रुपये. त्याआधी लेपाच्या स्टेंटचे लाखाच्या वर पैसे लावले जात होते. घाऊक महागाईप्रमाणे ही मर्यादा थोडी थोडी वाढते, तरी आज ती चाळीस हजारांच्या आसपासच आहे. तुमच्याकडून ‘वरचे’ म्हणून जे घेतले, त्यात बाजारातला महागातला महाग स्टेंट विकत आला असता आणि पैसे उरले असते.

डिस्चार्जची फाइल काढा. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर प्रक्रियेच्या अहवालाला चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनीचं नाव, लॉट नंबर आणि २.७५ × २४ अशा तऱ्हेचं माप असतं, म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि लांबी. फाइलमध्ये स्टिकर नसेल तर लेखी अर्ज करून प्रत मागा. कोणता स्टेंट बसला ते त्याशिवाय कळायचं नाही, आणि पुढे पुन्हा अँजिओग्राफी करायची वेळ आली तर नव्या डॉक्टरांनाही तेच स्टिकर लागेल.

दुसरा कागद समाधानपत्राचा. डिस्चार्जच्या गडबडीत चार-पाच सह्या घेतात, त्यातलीच ही एक असते. ‘माझ्याकडून कोणतेही पैसे घेतले नाहीत, प्रवासभाडं मिळालं’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. तुमच्या वडिलांनी सही केली असेल म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, पण रुग्णालय तोच कागद पुढे करणार हे धरून चाला. अजून डिस्चार्ज व्हायचा आहे अशा वाचकांनी मात्र तो ओळ न ओळ वाचावा. पैसे दिले असतील तर सहीच्या वर रक्कम आणि तारीख लिहून मगच सही करावी.

पावती नाही म्हणून हातपाय गाळू नका. पैसे ज्या दिवशी बँकेतून काढले त्या दिवसाची पासबुकातली नोंद, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कोणत्या खिडकीवर किती वाजता दिले आणि बरोबर कोण होतं, हे आजच एका कागदावर उतरवून ठेवा. १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्यानंतर योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात योजनेचा केस क्रमांक हवाच. त्याच्याशिवाय अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो. आरोप सिद्ध झाला तर रक्कम परत करायला लावणं, दंड, आणि वारंवार घडल्यास रुग्णालयाला यादीतून काढणं, या सगळ्याची तरतूद आहे. फोनवर तोंडी सांगून थांबलात तर मात्र हाती काही लागणं कठीण.

रुग्णालयाच्या दारावर योजनेचा फलक आहे, पण आत ‘या महिन्याचा कोटा संपला’ असं सांगतात. असा कोटा असतो का? (नांदेड)

योजनेत महिन्याचा कोटा नसतो. तरी आधी एक खात्री करा. रुग्णालय योजनेत असलं तरी ते ठरावीक विभागांसाठीच अंगीकृत, म्हणजे यादीत घेतलेलं, असतं. हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी यादीत असलेलं रुग्णालय हृदयासाठी नसू शकतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून टोल फ्री क्रमांकावर विचारताना ‘अमुक रुग्णालय योजनेत आहे का’ असं न विचारता ‘अमुक रुग्णालय या आजारासाठी योजनेत आहे का’ असं विचारा. विभाग यादीत असूनही नकार मिळाला तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा आणि नोंद करायला सांगा. आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो, पण तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेचा माणूस असतो. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून पूर्वपरवानगी घेता येते, कागद मागाहून देता येतात. ‘आधी कागद आणा, मग दाखल करू’ हे ऐकून माघारी फिरू नका.

हा कोटा येतो कुठून, हेही सांगायला हवं. रुग्ण दाखल झाला की रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. उपचार झाले की अहवाल आणि फोटो जोडून क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, पाठवतं. हाड मोडलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेने धातूची पट्टी बसवली असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे लागतात. नंतरचा राहिला की क्वेरी, म्हणजे त्रुटीची विचारणा, निघते, उत्तराला उशीर झाला की क्लेम अडतो किंवा नामंजूर होतो. आयुष्मान भारतच्या नियमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते महिनोन्‌महिने रखडतात. समजा ५० हजारांचं पॅकेज सहा महिन्यांनी मिळालं, तर बारा टक्के व्याजाने तीन हजार रुपये तिथेच गेले. पॅकेजचा दर मुळात काटकसरीने ठरवलेला, त्यात हा तोटा. मोठी रुग्णालयं अशा वेळी योजनेच्या खाटा हळूहळू आखडत जातात, आणि काही ठिकाणी वरच्या पत्रातल्यासारखी वसुली सुरू होते.

वसुलीचं समर्थन कुठल्याही कारणाने होत नाही. पण सरकारने उपचारांची यादी आणि विम्याची रक्कम वाढवायची, दर आणि देण्याची मुदत मात्र आहे तिथेच ठेवायची, यातून रुग्णाची फरपट होते. आमचं मत असं, की प्रत्येक पॅकेजचा दर कसा काढला हे खर्चाच्या बाबींसह जाहीर व्हावं, दर वर्षी तो तपासला जावा आणि मुदतीत न दिलेल्या रकमेवर व्याज लागावं. एक दिवसाचा उशीर सरकारच्या खिशाला लागला, की क्वेऱ्या आपोआप कमी होतील.

आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. मिळेल का? (नाशिक)

मिळेल. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही चालतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अडचण येते ती नावाची. रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’, किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, अशाने नोंदणी अडकते. आजारपण येण्याची वाट न पाहता नावं तपासा, चढवायची असतील ती तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात चढवून घ्या. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर नसलं तर जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकाबरोबरचा फोटो दाखवता येतो.

आमच्या करातून खासगी रुग्णालयांचे क्लेम भागवायचे, वर त्यात गैरव्यवहार, ही कसली सुधारणा? योजना बंद करून तोच पैसा सरकारी रुग्णालयांना का देत नाहीत? (ठाणे)

तुमच्या प्रश्नाचा रोख बरोबर आहे, पण उपाय घातक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. म्हणजे सात पट. तरीही दाखल होणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक खासगीत गेले होते. हौसेने कोणी जात नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, सोनोग्राफीचं यंत्र आहे तर चालवणारा नाही, म्हणून जातात. आज योजना बंद केली तर डायलिसिसवरचा माणूस उद्या कुठे जाईल? सरकारी रुग्णालय उभं राहीपर्यंत तो थांबू शकत नाही.

देशाचा हिशेब पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या खर्चासह, तो १.८४ टक्के होता. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा, असंही धोरण सांगतं. महाराष्ट्र त्यापासून लांब आहे. एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा मात्र २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट खरी आहे आणि तिचं श्रेय सरकारांना द्यायलाच हवं. पण शंभरातले चाळीस रुपये अजूनही लोकच भरतात, आणि ते भरताना कुणी दागिना मोडतं, कुणी बैल विकतं.

विम्याच्या कार्डाने खाट विकत घेता येते, ती खाट असली तर. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठावं लागतं, नंदुरबारच्या माणसाला नाशिक किंवा सुरत. तिथवर जायचं एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, त्याचं दोन वेळचं खाणं पॅकेजमध्ये नाही. म्हणून आमचं म्हणणं असं : योजना चालू राहू द्या, पण वाढीव पैशाचा मोठा वाटा रिकामी पदं भरण्यात जाऊ द्या. एक वाट योजनेतच आहे. सरकारी रुग्णालयही या योजनेत उपचार करून क्लेम मिळवू शकतं, आणि त्या पैशातून साहित्य घेता येतं, कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता देता येतो. पुष्कळ ठिकाणी उपचार होतात, पण क्लेम भरायला माणूस नसतो आणि हक्काचा पैसा तसाच पडून राहतो. संगणकावर बसणाऱ्या एका माणसाच्या पगाराएवढ्या खर्चात ही गळती थांबते. जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना हा प्रश्न जरूर विचारा : आपल्या उपजिल्हा रुग्णालयाने गेल्या वर्षी किती क्लेम भरले आणि किती रक्कम मिळाली?

गैरव्यवहाराचंही तुम्ही लिहिलं आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला, दहा वेळा नऊ, जोडलेले सापडले. प्रत्येक नोंद खोटीच होती असं यावरून म्हणता येत नाही, पण क्रमांक कुणी तपासलाच नाही हे दिसतं. रुग्णाचा खरा मोबाइल क्रमांक नोंदला गेला तर त्याच्या नावावर किती रक्कम उचलली हे त्याला कळवता येतं. आपला क्रमांक बरोबर नोंदवला आहे ना, हे नोंदणीच्या वेळी पडद्यावर बघून घ्या.

मला मधुमेह आणि पत्नीला रक्तदाब. दाखल व्हायची वेळ आलेली नाही, पण महिन्याला अडीच हजार औषधांना जातात. पाच लाखांतून यातलं काही मिळेल का? (इचलकरंजी)

नाही. आमच्या मते या योजनेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, रोजच्या गोळीसाठी नाही. दहा वर्षं साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहिला नाही आणि मूत्रपिंडं निकामी झाली, की मग योजना डायलिसिसचे पैसे देते, आठवड्याला दोन वेळा धरले तरी वर्षाला १०४ वेळा. तेवढ्या पैशात किती माणसांच्या किती वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या! मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची प्रमुख कारणं आहेत हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे, पण अंदाजपत्रकात गोळीला जागा मिळत नाही.

तोवर काय करायचं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं वेगळ्या कारभाराखाली आहेत, तिथे शुल्क असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी होते. तिथे नाव नोंदवा, आणि औषधं आठ दिवसांची न घेता महिन्याची मागा.

केंद्रात साठा नसेल तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि दुकानात ते जसंच्या तसं जुळवा. चूक बहुधा इथे होते. मधुमेहासाठी ‘मेटफॉर्मिन ५०० एसआर’ (एसआर म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी) लिहिलं असताना साधं मेटफॉर्मिन ५०० घेतलं, तर औषध तेच पण शरीरात विरघळण्याचा वेग वेगळा, आणि पोट बिघडतं. मग ‘स्वस्त औषध लागू पडत नाही’ असा समज होतो. दोन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर दोन्हींचे मिलिग्रॅम वेगवेगळे तपासा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नका.

साठा का संपतो, याचं उत्तर खरेदीच्या पद्धतीत आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. रुग्णालयाने आपल्या रकमेच्या मर्यादेत लागेल तेवढं औषध गोदामातून उचलायचं आणि पासबुकात नोंद करायची. कोणाकडे काय संपत आलं हे महामंडळाला दिसतं. राजस्थानने ऑक्टोबर २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. ते रुळावर आलं की नाही, हे तुमच्या आरोग्य केंद्रातल्या कपाटावरूनच कळेल.

वय ७३. सत्तरच्या वरच्यांना केंद्राचं कार्ड मिळतं म्हणतात. ते काढलं तर माझी जुनी खासगी पॉलिसी बंद करू का? (पुणे)

कार्ड काढा, पॉलिसी बंद करू नका. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या वयाच्या सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आयुष्मान अ‍ॅपवर आधारची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करायची, बाकी कागद नाही. वय आधारवरूनच धरतात, तेव्हा जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा. घरात दोघेही सत्तरीपुढचे असाल तर या कार्डावरचे पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. खासगी विमा असला तरी चालतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींतली एकच निवडावी लागते.

पॉलिसी का ठेवायची? सरकारी योजनेत सामान्य कक्ष मिळतो आणि यादीतलंच रुग्णालय घ्यावं लागतं. जुनी पॉलिसी सोडून उद्या नवी घ्यायची म्हटली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि त्या वयात हप्ताही परवडत नाही. हप्ता झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी करून पॉलिसी चालू ठेवता येते का, ते कंपनीला विचारा.

आमचा आजार योजनेत बसत नाही म्हणाले. दुसरा मार्ग? (लातूर)

धर्मादाय रुग्णालय, म्हणजे धर्मादाय संस्थेने चालवलेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे जा. अर्ज बिल झाल्यावर न देता दाखल होतानाच द्या आणि पोच घ्या. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. ‘खाटा भरल्या’ असं उत्तर आलं तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात फोन करून त्या दिवशी किती राखीव खाटा रिकाम्या आहेत ते विचारा, आणि जो आकडा सांगतील तो अर्जावर लिहून पुन्हा त्याच खिडकीवर जा.